डोळ्यांना येणारी इंग्रजी कानांना का येत नाही?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पापडीतल्या आमच्या वस्तीतील विहारात आम्ही दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग घेतो. वर्गाला येणारी एक मुलगी, बी.कॉम. झालेली, अंधेरीच्या एका ऑफिसातल्या नोकरीसाठी फोनवर मुलाखत देणार होती. घरात टीव्ही आणि भावंडांचा गोंधळ, म्हणून ती विहारातच बसली. मी शेजारी होते. पलीकडच्या बाईंनी नाव विचारले, राहण्याचे ठिकाण विचारले. पाठ केलेली उत्तरे तिने न अडखळता दिली. मग पुढचा प्रश्न आला. तो कानाला असा लागला: 'सोव्हॉडिजूडू आफ्टर कॉलेज?'

मुलगी गप्प. बाईंनी पुन्हा विचारले, त्याच वेगात. मुलगी म्हणाली, 'येस मॅम.' पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग 'कळवू' अशा अर्थाचे एक वाक्य, आणि फोन बंद.

मी वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न इंग्रजीत लिहून तिच्यापुढे धरला. व्हॉट डिड यू डू आफ्टर कॉलेज? तिने वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "एवढंच विचारत होत्या? ताई, हे तर मला येतं." आणि तिने लगेच दोन वाक्यांत, व्याकरणाची एकही चूक न करता, मला इंग्रजीत उत्तर दिले.

त्या प्रश्नातला एकही शब्द तिला नवा नव्हता. सगळे शब्द तिने चौथी-पाचवीतच शिकलेले. दहावीला इंग्रजीत तिला ७४ गुण होते. संध्याकाळी तिचे वडील भेटले. ते म्हणाले, "पोरीचं इंग्रजीच कच्चं आहे, क्लास लावायला पाहिजे." क्लास लागला. तिथे पुन्हा काळ, पुन्हा कर्तरी-कर्मणी, पुन्हा गाळलेल्या जागा भरा. म्हणजे जे तिला येत होते तेच पैसे भरून पुन्हा.

मित्रांनो, या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्या मुलांना इंग्रजी येत नाही हे अर्धसत्य आहे. त्यांना इंग्रजी डोळ्यांनी येते, कानांनी येत नाही. शाळेने त्यांना ती वाचायला आणि उतरवून काढायला शिकवली, ऐकायला कधी शिकवलीच नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्यांच्या मुलांना हा कान फुकट मिळतो. आपल्या मुलांना तो मिळत नाही, आणि दोष मात्र त्यांच्या बुद्धीला लागतो. चळवळीने हा प्रश्न आपला म्हणून हातात घेतला पाहिजे.

आधी कानाचे काय होते ते समजून घेऊ. कागदावर दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. बोलणारा एका दमात सगळे शब्द जोडून टाकतो आणि ते कुठे तोडायचे हे ऐकणाऱ्याला ठरवावे लागते. त्यात इंग्रजीची चाल मराठीपेक्षा वेगळी. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातल्या एक-दोन शब्दांवर जोर येतो आणि बाकीचे छोटे शब्द, डिड, हॅव, ऑफ, टू, देम, चुरगळून जातात. 'कुड हॅव' चे 'कुडव' होते, 'गोइंग टू' चे 'गोना' होते. शाळेत हे शब्द आपण सुटे, ठळक आणि सावकाश ऐकलेले असतात. म्हणून ते चुरगळून आले की ओळखू येत नाहीत.

हे इंग्रजांचेच खूळ आहे असे समजू नका. आपणही तेच करतो. वहीत आपण लिहितो 'तू काय करतो आहेस', तोंडाने म्हणतो 'काय करतोयस'. लिहितो 'कुठे चालला आहेस', म्हणतो 'कुठं चाललायस'. पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा परदेशी माणूस पापडीच्या नाक्यावर उभा राहिला तर त्याला यातले काय कळेल? त्याला आपण मठ्ठ म्हणू का?

वाचताना आणखी एक सोय असते. अडलात तर थांबा, मागे जा, पुन्हा वाचा. ऐकताना ती नसते. साधे बोलणेही मिनिटाला साधारण दीडशे शब्दांच्या वेगाने चालते. आपला मुलगा पहिल्या वाक्याचे मनात मराठी करत असतो तोवर दुसरे वाक्य निघून गेलेले असते, आणि तिसऱ्याला तो घाबरून ऐकणेच सोडून देतो. त्या मुलीचे 'येस मॅम' तिथून आले होते.

माझ्या आईचे उदाहरण सांगते. ती मराठवाड्यातली. लग्न होऊन वसईला आली तेव्हा बाजारात भाजी, केळी, फुले घेऊन बसणाऱ्या कुपारी बायकांचे बोलणे तिला कळत नसे. त्यांची सामवेदी बोली मराठीच, पण आईच्या कानाला परकी. 'सुवार्ता' मासिक हातात दिले असते तर तिने ते घडाघडा वाचले असते, कारण तिथली मराठी पुस्तकी. पण तीच बाई समोर भाव सांगू लागली की आई माझ्या वडिलांच्या तोंडाकडे बघायची. वर्षभराने तिला सगळे कळू लागले. तिला कोणी सामवेदीचे व्याकरण शिकवले नव्हते. रोज ऐकायला मिळत होते, समोर वस्तू दिसत होती, आणि नाही कळले तर "बाई, परत सांगा" म्हणायला तिला लाज वाटत नव्हती. कान तयार व्हायला या तीनच गोष्टी लागतात. रोज ऐकणे, विषयाचा अंदाज, आणि पुन्हा विचारण्याची मोकळीक. आपल्या इंग्रजीच्या तासाला यातले काय असते ते प्रत्येकाने आठवून बघावे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. तेव्हा बरीच ओरड झाली होती, पण बहुजनांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. पण पहिलीपासून आले काय? पुस्तक आले. शिकवण्याची पद्धत मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या काळातलीच राहिली. गुरुजी एक वाक्य वाचणार, लगेच त्याचे मराठी सांगणार, मुले मराठी उतरवून घेणार. मुलांना कळलेले असते, कान लागतात ते मराठी वाक्याला. इंग्रजी वाक्य आले काय आणि नाही काय, अडत कुणाचेच नाही. दहा वर्षे रोज इंग्रजीचा तास होऊनही मुलाने सलग पाच मिनिटे इंग्रजी ऐकून समजून घेतलेले नसते. शिक्षकांनाच सगळा दोष देऊन चालणार नाही. तेही याच पद्धतीतून आलेले, त्यांनाही कोणी ऐकवलेले नाही.

आणि परीक्षा? दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी, २० गुण तोंडी. तोंडी परीक्षा शाळेतच होते. आमच्या वर्गातल्या मुलांना मी विचारले, तुमची कशी झाली? एकाला नाव आणि आवडता खेळ विचारला. एकीला पुस्तकातला परिच्छेद वाचायला सांगितला. एकाला आठवतच नाही, पण १८ गुण मिळाले. गुण सगळ्यांना छान मिळाले. शाळेने मुलांवर दया केली असे वरवर वाटते. पण ऐकण्याची जी एकमेव चाचणी व्हायची तीही झाली नाही आणि मुलांना वाटत राहिले की आपल्याला येते. ते येत नव्हते हे कळले चार-पाच वर्षांनी, फोनवर, नोकरी हातची जाताना.

आता प्रश्न असा की हा कान कुणाला मिळतो? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. एम.ए.ला आम्हाला पिएर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ अभ्यासाला होता. तो सांगतो की काही भांडवल पैशात मोजता येत नाही. घरातली भाषा, बोलण्याची ढब, पुस्तके, वावरण्याची सवय हे सांस्कृतिक भांडवल घरातून मुलांकडे जाते, आणि शाळा त्यालाच 'हुशारी' समजून गुण देते. गंमत म्हणजे हा सिद्धांत मी वर्गात ऐकून नव्हे, खोलीवर येऊन वाचून शिकले. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलत. पहिले सहा महिने मला निम्मेही कळत नसे. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या की मी हसायची. त्यांनी मान डोलावली की मी मान डोलवायची. त्या मुली माझ्यापेक्षा जास्त वाचत नव्हत्या. त्यांच्या घरी आजोबांपासून इंग्रजी बातम्या लागत होत्या, इतकेच. बोर्द्यू ज्याबद्दल लिहितो ते माझ्याच बाकावर घडत होते आणि त्याच्याबद्दलचे व्याख्यान मला ऐकू येत नव्हते!

आपल्यासाठी ऐकणे ही साधी गोष्ट कधीच नव्हती. या देशात ज्ञान शेकडो वर्षे तोंडातून कानात गेले. म्हणूनच वेदांना 'श्रुती' म्हणतात, आणि विद्वान माणसाला आपण आजही 'बहुश्रुत' म्हणतो. ज्याने खूप ऐकले तो बहुश्रुत. आणि याच देशात गौतम धर्मसूत्राने लिहून ठेवले की शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले शिसे आणि लाख ओतावी. ज्ञानाची वाट कानातून जाते हे त्यांना नीट ठाऊक होते, म्हणून शिक्षा कानाला. बुद्धाने मात्र आपल्या शिष्यांना नावच दिले 'श्रावक', म्हणजे ऐकणारा, आणि त्या संघात न्हावी उपालीही होता. आज कुणी शिसे ओतत नाही. पण ज्या भाषेत सत्ता, न्याय आणि ज्ञान बोलते ती भाषा आपल्या मुलांच्या कानांना ऐकवायचीच नाही, याचा परिणाम फार वेगळा होतो असे मला वाटत नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. तिथे जॉन ड्युई त्यांना शिकवायला होते. बाबासाहेबांनी त्यांची व्याख्याने इतकी जिवाचा कान करून ऐकली की पुढे तीसेक वर्षांनीही ते ड्युईंच्या वर्गातल्या लकबींची हुबेहूब नक्कल करून दाखवत, अशी आठवण माईसाहेब आंबेडकरांनी सांगितली आहे. १९५२ मध्ये ड्युई वारले तेव्हा बाबासाहेब मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कलाच निघाले होते, आणि आपण आपल्या बौद्धिक जीवनासाठी या माणसाचे ऋणी आहोत असे त्यांनी माईसाहेबांना पत्रात कळवले. बाबासाहेबांचे वाचन आपण सगळे सांगतो. अठरा-अठरा तास अभ्यास, राजगृहातली पुस्तके, सगळे आपल्या भाषणांत येते. बाबासाहेबांचे ऐकणे कोणी सांगत नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तोच मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत, पहिल्यांदा बरोबरीने बसून ऐकत होता. माणूस बरोबरीने बसला की त्याचे कानही उघडतात.

काही कार्यकर्ते म्हणतील, ताई, चळवळीपुढे एवढे प्रश्न आहेत, तुम्ही हे काय काढलेत? अत्याचार चालू आहेत, आरक्षण धोक्यात आहे, आणि तुम्हाला इंग्रजी ऐकायची पडली आहे. मग त्यातलेच एक उदाहरण घेऊ. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यामुळे कलम १५अ आले. आरोपीच्या जामिनासह खटल्याच्या कामकाजात पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. फार मोठा हक्क आहे हा. पण याच कायद्याच्या कलम १४अ प्रमाणे जामिनावरचे अपील उच्च न्यायालयात जाते, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज चालते इंग्रजीत. वसईहून पहाटेची लोकल धरून आलेले फिर्यादीचे कुटुंब मागच्या बाकावर बसते. वीस मिनिटे त्यांच्याच लेकराबद्दल बोलले जाते. त्यांना कळते फक्त त्याचे नाव. बाहेर आल्यावर ते वकिलांना विचारतात, "साहेब, काय झालं?" आपण त्याला मराठीत 'सुनावणी' म्हणतो! सोबत गेलेला कार्यकर्ता पदवीधर असतो, निकालपत्र हातात आले तर वाचूही शकतो. पण न्यायाधीशांनी काय विचारले आणि आपल्या वकिलांनी काय सोडून दिले, हे तिथल्या तिथे त्याला कळत नाही. कळले असते तर त्याने चिठ्ठी पुढे सरकवली असती. न्यायालयाची भाषा मराठी व्हावी ही मागणी आपण जरूर करू. पण ती होईपर्यंत आपल्यातले निदान दहा जण कान असलेले हवेत की नकोत?

दुसरे उदाहरण शिष्यवृत्तीचे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी आहे, ७५ जागांची. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. पण परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवायचा तर बहुधा आयईएलटीएस किंवा टोफेल द्यावी लागते. आयईएलटीएसमध्ये ऐकण्याची वेगळी परीक्षा असते. चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पुन्हा नाही. आमच्या ओळखीतली मुले वाचनात आणि लेखनात बरे गुण घेतात आणि इथे आपटतात. आणि समजा तेही निभावले, तरी तिथे गेल्यावर रोज चार तास व्याख्याने ऐकायची असतात. बाबासाहेबांच्या वाटेने जायचे तर त्यांच्यासारखे ऐकावेही लागेल.

आता काही आक्षेप.

पहिला, "मुलांना सरळ इंग्रजी माध्यमात घाला, प्रश्न मिटला." मिटत नाही. आमच्या भागात गल्लीगल्लीत इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. कमी फीच्या शाळांत वर्गात प्रत्यक्ष काय चालते हे तिथल्या मुलांना विचारा. पुस्तक इंग्रजी, समजावणे हिंदीत किंवा मराठीत, उत्तरे फळ्यावरून उतरवायची आणि पाठ करायची. फी भरून तिथेही इंग्रजी डोळ्यांनीच मिळते, वर मराठीही कच्ची राहते. माध्यमाची पाटी बदलली म्हणून कानावर पडणारे बदलत नाही.

दुसरा आक्षेप मराठीप्रेमी मित्रांचा, की इंग्रजीचे एवढे कशाला? गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ झाले. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनच्या शेवटी मागे घेतला गेला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या सगळ्या वादात चर्चा झाली ती भाषा किती आणि कितवीपासून याची. पंचवीस वर्षे पहिलीपासून शिकवतोय ती इंग्रजी मुलांना ऐकून कळते का, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मराठीचे प्रेम मलाही आहे, हा लेख मी मराठीतच लिहिते आहे. पण ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी ऐकत मोठी होतात त्यांनी आपल्या मुलांना मराठीची गोडी सांगावी, हे मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप, "हे गोऱ्यांच्या उच्चारांचे वेड आहे, गुलामी आहे." इथे गल्लत होते आहे. मी बोलण्याच्या ढबीविषयी काही म्हणत नाही. आपण आपल्या मराठी ढबीतच इंग्रजी बोलू, त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न समोरच्याचे समजण्याचा आहे. आणि समोर दरवेळी गोरा नसतो. केरळची नर्स, दिल्लीचा अधिकारी, चेन्नईचा इंजिनियर, प्रत्येकाची इंग्रजी वेगळी येते.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० मध्ये चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने 'इंग्रजी देवी'चे मंदिर उभारायला घेतले होते. बौद्ध म्हणून मला देवी पटत नाही, पण त्यामागची तळमळ कळते. त्या मूर्तीच्या एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान, पायाखाली संगणक. लिहिणे आले, वाचणे आले, यंत्र आले. ऐकण्याची खूण कुठे नाही. आपण सगळ्यांनी इंग्रजीची कल्पनाच तशी केली आहे.

मग करायचे काय? आम्ही त्या मुलाखतीनंतर विहारातल्या वर्गात एक प्रयोग सुरू केला. त्यात खर्च शून्य आहे, एक मोबाइल आणि एक छोटा स्पीकर पुरतो. तुम्हीही करू शकता म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, माहीत असलेल्या विषयापासून सुरुवात. वसई रोडहून चर्चगेट लोकल पकडली की डब्यात घोषणा होते. पुढील स्टेशन नायगाव, अगला स्टेशन नायगाव, नेक्स्ट स्टेशन नायगाव. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईलाही ते इंग्रजी कळते, कारण काय सांगणार हे तिला आधीच माहीत असते. अर्थ आधी, आवाज नंतर. म्हणून आम्ही ऐकवण्याआधी विषय मराठीत सांगतो, चर्चा करतो.

दुसरी, तुकडा छोटा, एका मिनिटाचा. पहिल्यांदा नुसते ऐकायचे, लिहायचे काही नाही. दुसऱ्यांदा जे ऐकू येईल ते वहीत उतरवायचे, तुटके-मुटके चालेल. तिसऱ्यांदा छापील मजकूर समोर ठेवून ऐकायचे आणि जे सुटले त्याखाली रेघ मारायची. चौथ्यांदा मजकूर उलटा ठेवून पुन्हा ऐकायचे. या रेघा फार बोलक्या असतात. मुलांना वाटत असते की आपल्याला अवघड शब्द कळत नाहीत. प्रत्यक्षात रेघा पडतात त्या डिड, हॅव, ऑफ, देम यांच्याखाली. ज्या मुलाने दहा वर्षे 'माझे डोकेच चालत नाही' असे मानले, त्याला आपली अडचण चार अक्षरांची आहे हे दिसते. त्याच्या बसण्यातच फरक पडतो.

तिसरी, पुन्हा विचारण्याचा सराव. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य आमच्या वर्गात प्रत्येकाने दर रविवारी मोठ्याने म्हणायचे. हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. न कळताही मान डोलावण्याची सवय आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे. मालकापुढे, तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे. विचारले तर ओरडा बसायचा, म्हणून 'होय साहेब'. त्या मुलीच्या 'येस मॅम'मध्ये मला तीच 'होय साहेब' ऐकू आली. ती सवय मोडणे हे स्वाभिमानाचे काम आहे.

चौथी, रोज दहा मिनिटे. रविवारी दोन तास ऐकून सहा दिवस काही नाही, याने कान तयार होत नाही. बांगलादेशात बीबीसीने २००९ मध्ये 'जानाला' नावाचा उपक्रम सुरू केला होता. साध्या मोबाइलवरून ३००० हा क्रमांक फिरवायचा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकायचा. केनियात १९८० च्या दशकात प्राथमिक शाळांत रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. गरीब देशांना हे सुचले. आपल्या वस्तीत तर आज घरटी स्मार्टफोन आहे.

पाचवी गोष्ट शाळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. आपले पालक त्या समितीत नुसते सह्या करतात. त्यांनी विचारावे, आठवड्यात इंग्रजी किती मिनिटे ऐकवता? तोंडी परीक्षेत मुलांना काय ऐकवले? गुण कशाचे दिले? भांडण नको, प्रश्न विचारा. दोन-तीन वेळा विचारले की स्पीकर येतो.

आम्ही पहिल्यांदा काय ऐकवले ते सांगून थांबते. १९५५ मध्ये बाबासाहेबांनी बीबीसीला दिलेली इंग्रजी मुलाखत यूट्यूबवर उपलब्ध आहे. गांधीजी आणि पुणे करार यांवर ते त्यात बोलतात. विषय आमच्या मुलांना तोंडपाठ. पुणे करारावर त्यांनी वक्तृत्व स्पर्धा जिंकलेल्या. पण वर्गातल्या बावीस जणांपैकी एकोणीस जणांनी बाबासाहेबांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. सुरुवातीला कोणाला दहा शब्दही धड लागले नाहीत. एक मुलगा चिडून म्हणाला, "आपल्याच बापाचं बोलणं आपल्याला कळत नाही." वर्गात कोणी काही बोलले नाही.

तिसऱ्या रविवारी पहिले मिनिट जवळजवळ सगळ्यांना लागले. ती मुलाखतवाली मुलगी पुढे बसली होती. बाबासाहेब एके ठिकाणी मुलाखतकाराला ठासून उत्तर देतात, तिथे ती हसली. मी वर्गात हसायची तशी दुसऱ्याकडे बघून नव्हे. तिला कळले म्हणून.

तिला अजून अंधेरीची नोकरी लागलेली नाही. दुसरी एक मुलाखत झाली, त्यात तिने दोनदा "परत सांगा" म्हटले आणि दोन्ही वेळा तिला परत सांगितले गेले. निकाल यायचा आहे. तो काहीही लागो, आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्याला एक तास ऐकण्यासाठी काढा. चौदा एप्रिलच्या डीजेचे स्पीकर वर्षभर गोदामात पडून असतात. त्यातला एक विहारात आणून लावा.

जयभीम!